तीन काड्या अडल्या: गॅलिलिओ यानाच्या छत्रीचं प्रकरण

११ एप्रिल १९९१ रोजी गुरूकडे निघालेल्या नासाच्या गॅलिलिओ यानाला एक साधा हुकूम गेला: अँटेना उघड. दोन मोटरी सुरू झाल्या. काम साधारण पावणेतीन मिनिटांचं. छप्पन्नाव्या सेकंदाला मोटरी अडल्या. अडल्या तरी वीज ओढत राहिल्या आणि आठ मिनिटांनी, ठरलेला वेळ संपला म्हणून, बंद झाल्या. अँटेना पूर्ण उघडला की दाबले जाणारे छोटे स्विच होते, ते दाबले गेलेच नाहीत.

यान निघून दीड वर्ष झालं होतं आणि गुरू अजून साडेचार वर्षं लांब होता. पासाडेनाच्या जेपीएलमधल्या, म्हणजे नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतल्या मंडळींच्या हाती त्या क्षणी एक धडधाकट यान होतं. कॅमेरा ठीक, चुंबकमापक ठीक, गुरूच्या वातावरणात सोडायचं शोधयान ठीक. फक्त यानाला बोलता येत नव्हतं.

छत्री म्हणजे नेमकं काय

हा अँटेना ४.८ मीटर व्यासाचा. एवढी थाळी स्पेस शटलच्या पोटात मावावी म्हणून ती घडीची केली होती. मधे एक खांब, त्याभोवती ग्रॅफाइट-इपॉक्सीच्या अठरा काड्या, आणि काड्यांवर ताणलेली सोन्याचा मुलामा दिलेल्या मॉलिब्डेनम तारांची जाळी. मोटर फिरली की मधला स्क्रू फिरणार, त्यावरचा दट्ट्या सरकणार आणि सगळ्या काड्या एकदम बाहेर ढकलल्या जाणार. आपली काळी पावसाळी छत्री उघडते, अगदी तशीच. मिटलेल्या अवस्थेत काड्या हलू नयेत म्हणून प्रत्येक काडीला मधोमध पिना होत्या आणि त्या खांबावरच्या खोबणीत बसवलेल्या होत्या. हे डिझाइन नवखं नव्हतं. नासाच्या पृथ्वीभोवती फिरणाऱ्या संपर्क उपग्रहांवर याच जातीच्या छत्र्या नीट उघडल्या होत्या.

छत्री उघडली असती तर गुरूजवळून सेकंदाला १ लाख ३४ हजार बिट पाठवता आले असते. ती नसेल तर उरतो एक छोटा अँटेना, जो चहूकडे थोडं थोडं प्रक्षेपण करतो आणि मुळात प्रवासातल्या जुजबी संपर्कासाठी बसवलेला होता. त्यातून गुरूजवळून मिळणार सेकंदाला दहाएक बिट.

हा फरक कागदावर मांडून बघू. गॅलिलिओच्या कॅमेऱ्याचं एक चित्र म्हणजे ८०० गुणिले ८०० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला आठ बिट. एकूण ५१ लाख २० हजार बिट. छत्रीतून हे चित्र ३८ सेकंदांत आलं असतं. दहा बिटांनी पाठवायचं तर ५ लाख १२ हजार सेकंद, म्हणजे जवळपास सहा दिवस. एका चित्राला. तेही दिवसरात्र दुसरं काहीही न पाठवता.

न बघता केलेलं निदान

यानावर स्वतःकडे बघणारा कॅमेरा नव्हता. जे काही कळायचं ते आडून कळायचं. मोटरींनी अपेक्षेपेक्षा जास्त विद्युतप्रवाह ओढला, म्हणजे त्या कशाशी तरी झगडत होत्या. यान स्वतःभोवती फिरत असतं. छत्री पसरली की नर्तकीने हात पसरल्यावर होतं तसा त्याचा वेग उतरायला हवा. तो उतरला, पण पुरेसा नाही. शिवाय फिरताना यान किंचित डोलू लागलं, म्हणजे जे काही उघडलं होतं ते एका बाजूला कललेलं होतं. आणि सूर्य टिपणाऱ्या एका संवेदकासमोर दर फेरीत काहीतरी आडवं येत होतं.

जेपीएलमध्ये याच अँटेनाचा जुळा भाऊ सुट्या भागांत पडून होता. त्याच्या काड्या मुद्दाम अडकवून पाहिल्या. शेजारशेजारच्या तीनेक काड्या अडकवल्या की हीच लक्षणं दिसत होती. तेव्हा निदान ठरलं: काही काड्यांच्या पिना खोबणीतून सुटल्या नाहीत, बाकीच्या काड्या अर्धवट बाहेर आल्या, आणि छत्री एका अंगाने फेंगडी होऊन थांबली.

पिना का सुटल्या नाहीत, हा या प्रकरणाचा मला सगळ्यात बोचणारा भाग वाटतो. त्यासाठी मागे जावं लागतं.

गॅलिलिओ मे १९८६ मध्ये निघणार होतं. यान कॅलिफोर्नियाहून फ्लोरिडाला नेलं होतं. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर शटलचा अपघात झाला, सात जणांचा जीव गेला आणि सगळी उड्डाणं थांबली. शटलच्या पोटात द्रव हायड्रोजनने भरलेलं सेंटॉर रॉकेट न्यायचं आणि त्याच्या जोरावर थेट गुरू गाठायचा, हा बेतही धोक्याचा म्हणून रद्द झाला. ते योग्यच झालं. पण बदली मिळालेलं घन इंधनाचं रॉकेट कमजोर. मग वळसा आखला: आधी आत शुक्राकडे, मग दोनदा पृथ्वीजवळून, प्रत्येक वेळी थोडा वेग उसना घेत. यान कॅलिफोर्नियाला परत आलं, पडून राहिलं, आणि १९८९ मध्ये पुन्हा फ्लोरिडाला गेलं. १८ ऑक्टोबर १९८९ रोजी अटलांटिस शटलमधून ते निघालं.

हे सगळे प्रवास ट्रकने झाले. अमेरिकेच्या या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत, पुन्हा पुन्हा. छत्री आडवी निजवलेली, काड्या खोबणीत घट्ट दाबलेल्या, आणि खाली हजारो किलोमीटरचा रस्ता. पिनांवर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं कोरडं वंगण होतं, कारण अवकाशात तेल-ग्रीस चालत नाही. हादऱ्यांनी ते वंगण घासून गेलं, असा चौकशीचा निष्कर्ष. हवेत उघड्या पडलेल्या धातूवर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो आणि घर्षण आटोक्यात राहतं. निर्वातात घासलेला पापुद्रा परत धरत नाही, धातू धातूला चिकटतो. म्हणून जमिनीवर कुणाच्या लक्षात आलं नाही आणि वर जाऊन छत्री अडली. मधल्या वर्षांत वंगण पुन्हा लावावं, असं वेळापत्रकात कुठे नव्हतं.

शुक्राजवळचं ऊन जाळीला सोसणार नाही म्हणून छत्री पहिलं दीड वर्ष मिटूनच ठेवायची होती. थेट गुरूकडे गेलं असतं तर ती लगेच उघडली असती. कुणाचा निष्काळजीपणा दाखवावा असं ठळक काही सापडत नाही. प्रत्येक निर्णय आपापल्या जागी शहाणपणाचा होता. त्या निर्णयांनी वंगणाचं काय केलं हे पाहणं मात्र कुणाच्याच कामात बसत नव्हतं.

उपचार

गंजलेली कडी सोडवायला आपण जे करतो तेच सगळं त्यांनी केलं, फक्त कोट्यवधी किलोमीटरवरून. आधी ऊन-सावली. यान वळवून खांब सावलीत गार केला, मग उन्हात तापवला. खांब आकुंचन-प्रसरण पावेल आणि पिना केसभर केसभर सरकत सुटतील, ही आशा. हे महिनोन्महिने वारंवार केलं. मग दुसरा छोटा अँटेना ज्या दांड्यावर होता तो दांडा उघडमीट करून यानाला झटके दिले. यान जोरात फिरवूनही पाहिलं.

शेवटचा उपाय हातोड्याचा. डिसेंबर १९९२ मध्ये यान पृथ्वीजवळून गेलं. इथलं ऊन त्याला पुढे कधीच मिळणार नव्हतं, खांब सर्वांत जास्त ताणलेला असण्याची हीच वेळ. तेव्हा मोटरी क्षणभर चालू, क्षणभर बंद, असं ठोकत राहिले. जानेवारी १९९३ पर्यंत तेरा हजारांहून जास्त ठोके दिले. स्क्रू सुरुवातीला थोडा पुढे सरकला, आणि पुन्हा अडला तो अडलाच.

या प्रकरणात ठोक्यांची गोष्ट नेहमी रंगवून सांगितली जाते. पण त्या दोन वर्षांत दुसरा एक गट शेजारी बसून ‘छत्री कधीच उघडणार नाही’ असं धरून हिशोब करत होता, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आशा संपल्यावर पर्यायाला हात घातला असता तर गुरूवर पोचेपर्यंत तो तयारच झाला नसता. प्रकल्प व्यवस्थापक विल्यम ओनील यांनी १९९३ मध्ये छोट्या अँटेनाची मोहीम पक्की केली, तेव्हा आराखडा कागदावर होता.

दहा बिटांत बसवायचं कसं

दोन दिशांनी काम झालं. पृथ्वीवरचे कान मोठे करायचे आणि यानाचं बोलणं आटोपशीर करायचं.

कान मोठे करणं म्हणजे अनेक थाळ्यांनी एकच क्षीण संदेश ऐकायचा आणि ते सगळे एकत्र जोडायचे. त्या वर्षांत गुरू दक्षिणेच्या आकाशात होता, म्हणून ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराजवळच्या ७० मीटरच्या थाळीवर भर आला. तिथला रिसीव्हर अतिशीत करून त्याचा स्वतःचा गोंगाट कमी केला. सोबतीला तिथल्याच ३४ मीटरच्या थाळ्या, पार्क्सची ६४ मीटरची दुर्बीण, आणि पॅसिफिकपलीकडून कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनची ७० मीटरची थाळी. सुट्या थाळ्यांची एक मोठी थाळी करण्याची ही विद्या आपल्याकडे नारायणगावजवळच्या खोडदला ज्यांनी पाहिली असेल त्यांना समजावून सांगायला नको; तिथे ४५ मीटरच्या तीस थाळ्या मिळून एक दुर्बीण होते.

दुसरं काम यानाच्या डोक्यात. डोकं म्हणजे आरसीएचे १८०२ जातीचे, सत्तरच्या दशकातले प्रोसेसर. त्यांच्यात चित्र आवळून लहान करण्याची नवी प्रणाली, संदेशातल्या चुका दुरुस्त करणारी नवी सांकेतिक पद्धत, असं सगळं नव्याने लिहून त्याच अरुंद वाटेने वर पाठवायचं. हे दोन टप्प्यांत झालं. १९९५ च्या सुरुवातीचा टप्पा फक्त एका गोष्टीसाठी: शोधयानाची माहिती काहीही झालं तरी हरवू नये. मे १९९६ चा टप्पा सगळा कारभार बदलण्यासाठी. सगळं मिळून चांगल्या दिवशी वेग सेकंदाला १६० बिटांपर्यंत गेला. त्यात चित्र दहापट आवळलं, तर सहा दिवसांचं चित्र तासाभरात येतं. मूळ ३८ सेकंदांपुढे हे काहीच नाही, पण यावर मोहीम चालते.

गजांमधून दिसलेला चंद्र

ही तयारी व्हायच्या आधीच यानाने लघुग्रह गाठले होते. २९ ऑक्टोबर १९९१ रोजी गॅस्प्रा, सुमारे १,६०० किलोमीटरवरून. लघुग्रहाजवळ गेलेलं हे पहिलंच यान. नेम धरायला वाटेत चित्रं हवी होती आणि चित्र पाठवणं महाग. मग एकाच चौकटीत कॅमेरा सरकवत अनेकदा शटर उघडायचं, म्हणजे एका चित्राच्या किमतीत अनेक निरीक्षणं. गॅस्प्राची उरलेली चित्रं वर्षभर टेपवर थांबली आणि यान पृथ्वीजवळ आल्यावर उतरवली.

२८ ऑगस्ट १९९३ रोजी इडा. पन्नासेक किलोमीटर लांबीचा, बटाट्यासारखा दगड. टेपवर बरीच चित्रं होती, पण कुठल्या चित्रात इडा आहे आणि कुठल्यात नुसतं काळं आकाश, हे पाठवल्याशिवाय कळणार नव्हतं. यावर तोड निघाली ती अशी: प्रत्येक चित्रातून ठरावीक अंतरावरच्या थोड्याशाच ओळी मागवायच्या. पडद्यावर काळ्या पट्ट्या आणि त्यांमधून डोकावणारा फटींएवढा प्रकाश. टीमने याला नाव दिलं ‘तुरुंगाचे गज’. गजांमागे काही दिसलं तरच तो भाग पूर्ण मागवायचा.

१७ फेब्रुवारी १९९४ रोजी मोहिमेतल्या अॅन हार्च हे गज तपासत होत्या. इडा होता तिथे होता. त्याच्या बाजूला, जिथे काही असायचं कारण नाही, तिथे आणखी एक ठिपका होता. तारा नव्हे. दुसऱ्या उपकरणाच्या नोंदीतही तो दिसला. लघुग्रहाला चंद्र असल्याचा हा पहिला पक्का पुरावा. नाव ठेवलं डॅक्टिल, आकार जेमतेम दीड किलोमीटर.

अडचणीने शोध लावून दिला, असं म्हणायचा मोह इथे होतो. तो आवरावा. छत्री उघडली असती तर डॅक्टिल सहा महिने आधी सापडला असता, एवढंच. पण त्या ठिपक्याचं मोल मोठं. चंद्र कसा फिरतो यावरून मधल्या दगडाचं वस्तुमान काढता येतं. त्यावरून इडाची घनता पाण्याच्या सुमारे २.६ पट निघाली, लोखंडाने भरलेल्या दगडापेक्षा बरीच कमी. या जातीचे लघुग्रह आणि पृथ्वीवर सर्वांत जास्त पडणाऱ्या साध्या दगडी उल्का यांचं नातं काय, हा जुना वाद होता. नात्याच्या बाजूने एक वजनदार साक्ष मिळाली.

टेप अडकते

या नव्या पद्धतीचा सगळा भार एका वस्तूवर आला: यानावरचा चार ट्रॅकचा टेपरेकॉर्डर, क्षमता शंभरेक मेगाबाइट. मूळ योजनेत तो राखीव गडी होता.

११ ऑक्टोबर १९९५, गुरू दोन महिन्यांवर. गुरूचं एक चित्र टेपवर घेतलं आणि टेप मागे गुंडाळायला सांगितली. ती थांबेचना. पंधरा तास मोटर फिरत राहिली. टेप तुटली असती तर मोहीम तिथेच संपली असती. नऊ दिवसांनी हलकेच चालवून पाहिली, ती चालली. चक्र फिरत होतं, पण टेप जागीच चिकटली होती. घासला गेलेला भाग पंचवीस वेढ्यांखाली कायमचा पुरून टाकला.

त्यानंतरचा निर्णय मी या प्रकरणातला सर्वांत कठीण मानतो. ७ डिसेंबर १९९५ रोजी यान गुरूच्या आयो या चंद्राच्या अगदी जवळून जाणार होतं, त्याच दिवशी शोधयान गुरूच्या ढगांत शिरणार होतं. आयोची चित्रं घ्यायची तर टेप जलद चालवावी लागली असती. प्रकल्पाने आयो सोडला. शोधयान एकदाच पडतं. सेकंदाला ४७ किलोमीटर वेगाने ते आत शिरलं आणि जवळपास तासभर बोलत राहिलं. वरून जाणाऱ्या यानाने ते टेपवर आणि संगणकाच्या स्मृतीतही टिपून घेतलं. पाणी अपेक्षेपेक्षा खूप कमी सापडलं. शोधयान नेमकं एका कोरड्या, ढगांतल्या झरोक्यासारख्या भागात पडलं होतं. आयोजवळ परत जायला ऑक्टोबर १९९९ उजाडला.

रवंथ

जून १९९६ पासून एक लय बसली. यान गुरूभोवती लांबट फेरी मारतं, आठवडाभर एखाद्या चंद्राजवळ हावऱ्यासारखं टेप भरून घेतं, आणि मग दीड-दोन महिने लांबवर फिरत रवंथ करतं, म्हणजे टेपवरचं थोडं थोडं पृथ्वीकडे धाडतं. ते चरून होईतो पुढचा चंद्र आलेला असतो.

त्या आठवड्यात काय भरायचं यावर शास्त्रज्ञांमध्ये बिटाबिटाची घासाघीस. प्रकल्पाचे मुख्य शास्त्रज्ञ टॉरेन्स जॉन्सन यांच्याकडे तो हिशोब. गुरूच्या ढगांच्या हालचालींची सलग चित्रमालिका जवळपास गेली, कारण तिला चित्रांचा रतीब लागतो. नासाने पुढे सांगितलेला आकडा असा की मूळ उद्दिष्टांपैकी ७० टक्के साध्य झाली. हा आकडा मी जपून घेतो. उद्दिष्टं मोजायची कशी हे मोजणाऱ्यावर असतं. ढगांवर आयुष्य घातलेल्या माणसाला विचारलं तर तो वेगळा आकडा सांगेल.

आणि एक गंमत आहे. या मोहिमेचे सर्वांत मोठे शोध चुंबकमापकाचे, म्हणजे कॅमेऱ्याच्या मानाने चिमूटभर बिट खाणाऱ्या उपकरणाचे. गॅनिमीडला स्वतःचं चुंबकीय क्षेत्र आहे, हे १९९६ मध्ये कळलं. असा दुसरा चंद्र आजही माहीत नाही. आणि मार्गारेट किवेल्सन यांच्या टीमला जानेवारी २००० च्या फेरीत दिसलं की युरोपा या चंद्राजवळचं क्षेत्र गुरूच्या क्षेत्राबरोबर उलटसुलट होतं, जणू बर्फाखाली वीज वाहून नेणारा थर आहे. खारट समुद्र हे त्याचं सर्वांत सरळ उत्तर. पृथ्वीवरच्या जंतूंनी तो समुद्र नासू नये म्हणूनच २१ सप्टेंबर २००३ रोजी इंधन संपत आलेलं यान मुद्दाम गुरूच्या ढगांत उतरवलं. काड्या तोवर तशाच अडकलेल्या.

पुढच्यांनी काय केलं

कॅसिनीला घडी न होणारी ४ मीटरची थाळी दिली. जुनोलाही घडीची छत्री नाही. पण सगळंच घट्ट ठेवता येत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये लघुग्रहांकडे निघालेल्या ल्यूसी यानाचा सात मीटरहून मोठा, पंख्यासारखा सौरपंख उघडता उघडता थांबला. मुख्य मोटरीसोबत राखीव मोटरही एकदम चालवून तो २०२२ मध्ये ३६० पैकी ३५३ अंशांपलीकडे नेला, आणि लॅच न लागताच पुढे जायचं ठरवलं. पंख पूर्ण उघडलाच पाहिजे असा हट्ट धरला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ल्यूसी डिंकिनेश या लघुग्रहाजवळून गेली, तर त्याच्या बाजूलाही एक ठिपका होता.

एप्रिल २०२३ मध्ये गुरूच्या चंद्रांकडे निघालेल्या युरोपीय जूस यानाचा १६ मीटरचा रडार अँटेना अडला. कारण, एक छोटी पिन. त्यांनीही यान वळवून पिनेला ऊन दाखवलं. मग १२ मे रोजी तिथलीच एक कळ उडवून हादरा दिला, पिन काही मिलिमीटर सरकली आणि घडी उलगडली. जूस २०३१ मध्ये गुरूवर पोचेल आणि पुढे गॅनिमीडभोवती फिरत राहील; ते चुंबकीय क्षेत्र जवळून मोजायला.